मासा तग धरेल हो, पण पाण्याचं काय?

कमी ऑक्सिजनमध्ये जगू शकणारा मासा तयार करावा की नाही यावर सध्या जो वाद चालतो तो मला फार खटकतो, कारण दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. एक बाजू म्हणते जीन सापडलेत, आता एडिट करायचे, मासा तग धरेल, विषय संपला. दुसरी बाजू म्हणते हा निसर्गाशी खेळ आहे, हात लावू नका. आणि मध्येच तिसरे कोणीतरी येऊन सांगतात की काळजी कसली करता, उत्क्रांती आहे ना, मासे आपोआप सवय करून घेतील. या तिन्ही बोलण्यांत एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते, ती म्हणजे 'कमी ऑक्सिजन सहन करणं' ही एक सुटी क्षमता आहे, माशात असते किंवा नसते, बसवता येते किंवा येत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जीन माशाला वेळ मिळवून देतात, ऑक्सिजन मिळवून देत नाहीत. हे संशोधन व्हायलाच हवं, जोरात व्हायला हवं, पण त्याच्या भरवशावर पाणी तसंच ठेवणं चूक आहे, आणि ते चूक का आहे हे सांगायला नीतीमत्तेपर्यंत जायची गरज नाही, माशांची जेनेटिक्स स्वतःच ते सांगते.

आधी पाण्याचा हिशोब बघू, कारण तो न बघताच लोक जीनवर उडी मारतात. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात, अगदी पूर्ण संपृक्त असलं तरी, लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात तेवढ्याच आकारमानात याच्या तीसएक पट ऑक्सिजन असतो. म्हणजे मासा मुळातच टंचाईत जगणारा प्राणी आहे. वर पाणी १० अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते, म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी जास्त, दोन्हीकडून कात्री. त्यात खतं आणि सांडपाणी आलं की शेवाळ माजतं, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच खातं, मेलं की त्याला कुजवणारे बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, म्हणूनच तळ्यातले मासे बहुतेक वेळा पहाटे मरतात. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की त्याला साधारणपणे हायपॉक्सिया म्हणतात. २००८ साली डियाझ आणि रोझेनबर्ग या संशोधकांनी जगभरच्या किनाऱ्यांवरची अशी ठिकाणं मोजली तर ती ४०० च्या वर निघाली, एकूण क्षेत्र २,४५,००० चौरस किलोमीटर. आणि सगळ्या समुद्रांचा मिळून विचार केला तर १९६० पासून सुमारे २ टक्के ऑक्सिजन कमी झालाय. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही सरासरी आहे, आणि मासा सरासरीत राहत नाही, तो एका ठिकाणी, एका खोलीवर, एका रात्री राहतो.

आता जीनवाल्यांची सगळ्यात भक्कम बाजू मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. क्रूशियन कार्प नावाचा मासा आहे, गोल्डफिशचा जवळचा नातेवाईक. उत्तर युरोपातल्या तळ्यांवर हिवाळ्यात बर्फ साचतो, खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि हा मासा त्या शून्य ऑक्सिजनमध्ये महिनोन् महिने जिवंत राहतो. कमी नाही, शून्य. ऑक्सिजन नसताना साखरेतून ऊर्जा काढली की लॅक्टिक ॲसिड साचतं आणि त्यानेच प्राणी मरतो, पण हा मासा त्या लॅक्टिक ॲसिडचा शेवटी इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, बनवतो आणि कल्ल्यांमधून पाण्यात सोडून देतो. गोल्डफिश असं करतो हे १९८० मध्ये कळलं होतं, पण कसं करतो हे जीनच्या पातळीवर २०१७ मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवलं. या माशांच्या पूर्वजात सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी अख्खा जीनोमच, म्हणजे सगळ्या जीनचा संचच, डबल झाला, त्यामुळे पायरुव्हेटवर (साखर तुटताना मध्येच तयार होणाऱ्या पदार्थावर) काम करणाऱ्या एन्झाइमच्या जीनची एक जादा प्रत मोकळी झाली, मूळ प्रत जुनं काम करत राहिली आणि जादा प्रत बदलत बदलत इथेनॉलच्या वाटेला लागली. किती सुंदर गोष्ट आहे ही! शिवाय ऑक्सिजन कमी झाला की याच्या कल्ल्यांच्या पाकळ्यांमधल्या पेशी गळून पडतात आणि श्वासाचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. हे सगळं वारशाने येतं, जीनमधून येतं, आणि कोणी म्हणत असेल की जेनेटिक्सचा याच्याशी संबंध नाही तर तो माणूस डोळे मिटून बोलतोय.

दुसरा मुद्दाही त्यांचाच. २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं ते पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात हे उलगडल्याबद्दल. त्या यंत्रणेच्या मध्यभागी एचआयएफ नावाचं प्रोटीन आहे. ऑक्सिजन मुबलक असताना काही एन्झाइम या प्रोटीनवर खूण करतात आणि खूण झालेलं प्रोटीन पेशी लगेच नष्ट करते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, एचआयएफ टिकतं, आणि शेकडो जीन चालू करतं, रक्तपेशी वाढवणारे, रक्तवाहिन्या वाढवणारे, ऑक्सिजनविना साखर वापरणारे. ही यंत्रणा माणसात आहे तशी माशातही आहे, कारण ती आपल्या दोघांच्या समान पूर्वजापासून आलेली आहे. २०१८ मध्ये झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशात एचआयएफला दाबून ठेवणारा एक जीन, एफआयएच, काढून टाकला तर ते मासे कमी ऑक्सिजनमध्ये खरोखर जास्त टिकले. म्हणजे 'एक जीन काढा, तग वाढेल' हे नुसतं स्वप्न नाही, प्रयोगात दिसलेलं आहे. हे मी मान्य करतो आणि पूर्ण मनाने मान्य करतो.

मग माझी हरकत कुठे आहे? हरकत अशी की या गोष्टी अर्ध्याच सांगितल्या जातात. क्रूशियन कार्पच्या मागे फक्त तो एक जीन नाहीये. त्याचं यकृत हिवाळ्याआधी ग्लायकोजनने, म्हणजे साठवलेल्या साखरेने, ठासून भरलेलं असतं, कारण ऑक्सिजनशिवाय एका ग्लुकोजमधून जेमतेम २ एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरतात ते रेणू) निघतात जिथे ऑक्सिजन असताना तीसएक निघतात, आणि वर इथेनॉल बाहेर टाकणं म्हणजे अर्धवट वापरलेलं इंधन फेकून देणं. फोनची बॅटरी संपत आली की तो जसा सेव्हिंग मोडवर जातो तसा हा मासा शरीराचा सगळा खर्च खाली आणतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी बर्फाजवळचं, गार असतं. हेच पाणी उबदार करा, महिन्यांचे दिवस होतात. आता मत्स्यशेतीत ऑक्सिजनची अडचण कधी येते? कडक उन्हाळ्यात, दाटीवाटीने मासे भरलेल्या तळ्यात, आदल्या संध्याकाळी पोटभर खाद्य दिल्यावर, आणि अन्न पचवायलाच माशाला जादा ऑक्सिजन लागतो. म्हणजे ज्या परिस्थितीसाठी कार्पचं ते सगळं पॅकेज घडलं तिच्या बरोब्बर उलट परिस्थिती. त्यातला एक जीन उचलून दुसऱ्या माशात बसवला तर इंधनाचा साठा, गार पाणी, मंदावलेलं शरीर हे कुठून आणणार?

एका जीनवर सगळी भिस्त ठेवण्याचा इतिहास बघितला तर अजून सावध व्हायला होतं. १९६१ मध्ये अटलांटिक कॉड माशात हिमोग्लोबिनचे दोन प्रकार सापडले आणि कुठल्या समुद्रात कोणता प्रकार जास्त याचा एक छान उतरता क्रम दिसला. बस्स, पुढची कित्येक दशकं गार पाण्यातला आणि उबदार पाण्यातला कॉड वेगळा का वागतो याचं उत्तर म्हणून हाच जीन पुढे केला जायचा, एक प्रकार गार पाण्यात ऑक्सिजन चांगला पकडतो, दुसरा उबदार पाण्यात, असं. गोष्ट इतकी नीटस होती की सगळ्यांना आवडली. २०१७ मध्ये कॉडच्या दक्षिण सीमेवरच्या माशांच्या अख्ख्या रक्तपेशी घेऊन नीट मोजमाप केलं तर ऑक्सिजन पकडण्यात या प्रकारांमुळे फरकच दिसला नाही. सुटं हिमोग्लोबिन आणि जिवंत पेशीतलं हिमोग्लोबिन यात पेशीच्या आतली आम्लता येते, एटीपी येतं, इतर दहा गोष्टी येतात. साठ वर्षांपूर्वीच्या संशोधकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात जे होतं त्यावरून त्यांनी बरोबरच अंदाज बांधला होता. पण आज आपल्याकडे पूर्ण जीनोम आहेत, तरी आपण त्याच मोहात पडायचं का?

आणि हिमोग्लोबिनचाच विषय निघालाय तर अंटार्क्टिकाच्या आइसफिशबद्दल बोलायलाच हवं, मला हा मासा या सगळ्या वादाचं मर्म वाटतो. १९५४ मध्ये योहान रूड यांनी जगाला दाखवलं की या माशाच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. रक्त जवळजवळ पारदर्शक. पुढे जीन तपासले तर ग्लोबिनचे जीन हरवलेले किंवा मोडलेले निघाले. पाठीचा कणा असलेला प्राणी, मोठा झालेला, हिमोग्लोबिनशिवाय जगतोय! कसं काय? तर तिथलं पाणी शून्याच्याही खाली असतं, ऑक्सिजनने भरलेलं असतं, आणि माशाने मोठं हृदय आणि भरपूर रक्त यांनी उरलेली कसर काढली. जो जीन हरवला तर इतर बहुतेक माशांना मरण, तो इथे हरवला तरी चाललं, का? पाण्यामुळे. म्हणजे सहनशक्ती ही एकट्या माशाची मालमत्ता नाहीच, ती मासा आणि पाणी यांच्या जोडीची आहे, आणि म्हणूनच पाणी बाजूला ठेवून फक्त माशाची चर्चा केली की ती चर्चा पहिल्या वाक्यालाच घसरते.

एचआयएफकडे परत येऊ. ही यंत्रणा चालू होणं चांगलं, पण कायम चालू राहणं? झेब्राफिशमध्येच एचआयएफ नष्ट करणाऱ्या व्हीएचएल या जीनमध्ये बिघाड केला, तर पिल्लांना जन्मापासून ऑक्सिजन कमी आहे असंच वाटत राहिलं, रक्तपेशी बेसुमार वाढल्या, श्वास आणि हृदयाचे ठोके वाढले आणि दीडएक आठवड्यात ती मेली. २००९ चा प्रयोग आहे हा. माणसांतही रशियातल्या चुवाश लोकांमध्ये याच जीनचा सौम्य बिघाड आहे, रक्त घट्ट होतं, गुठळ्यांचा धोका वाढतो. उलट तिबेटी लोकांमध्ये, जे पिढ्यान् पिढ्या विरळ हवेत राहिलेत, एचआयएफच्याच घरातल्या ईपीएएस१ या जीनचं असं रूप पसरलं की उंचीवर गेल्यावर रक्तपेशी वाढवण्याची प्रतिक्रिया जास्त न होता कमी होते. म्हणजे निसर्गाने दीर्घकाळ टिकायला अलार्मचा आवाज वाढवला नाही, कमी केला. तर मग एफआयएच काढल्यावर मासा बरणीत जास्त तास टिकला हे खरं असलं तरी तो मासा दोन वर्षं नीट वाढेल, रोगाला तोंड देईल, अंडी घालेल हे त्यातून सिद्ध होतं का? नाही होत. तो वेगळा प्रयोग आहे आणि तो करायला वेळ, पैसा आणि मोठी तळी लागतात.

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो तो 'सहनशक्ती' मोजायच्या पद्धतीवरून जे निष्कर्ष काढले जातात त्यांचा. बऱ्याच प्रयोगांत काय करतात, तर टाकीतला ऑक्सिजन कमी करत जातात आणि मासा तोल जाऊन उलटा होईपर्यंत किती मिनिटं गेली ते मोजतात. पद्धत वाईट नाही, झटपट आहे, हजारो माशांवर करता येते, आणि शेकडो कुटुंबांची तुलना करायची तर असंच काहीतरी लागतं. पण त्यातून कळतं ते एवढंच की अचानक गुदमरल्यावर कोण किती वेळ उभा राहिला. खऱ्या पाण्यात मासा बहुतेक वेळा मरत नाही, तो अर्धपोटी जगतो, हळू वाढतो, आणि पुढची पिढी नीट जन्माला घालत नाही. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपीच्या तोंडाशी जो दरवर्षी मृतपट्टा, म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला पट्टा, तयार होतो तिथले अटलांटिक क्रोकर मासे जिवंत सापडतात, धडधाकट दिसतात, आणि माद्यांची बीजकोशं तपासली तर काहींत नराच्या पेशी तयार झालेल्या दिसतात. २०१६ मध्ये जपानी मेडाका माशांवर प्रयोग झाला, फक्त आजीआजोबांना कमी ऑक्सिजन दिला, मुलं आणि नातवंडं साध्या पाण्यात वाढवली, तरी नातवंडांतल्या नरांचे शुक्राणू कमजोर निघाले. डीएनएची अक्षरं तीच, त्यावरच्या खुणा बदललेल्या. आता या माशाला तुम्ही कोणत्या रकान्यात टाकणार, सहनशील की असहनशील? तो तर मेला नाही!

उत्क्रांतीवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी किलिफिशची गोष्ट सांगेन, कारण ती आधी त्यांच्याच बाजूची वाटते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काही अतिशय विषारी खाड्यांमध्ये हा छोटा मासा अशा प्रदूषणात जगतो ज्यात इतर मासे अंड्यातच मरतील. २०१६ मध्ये त्यांचे जीनोम वाचले तेव्हा वेगवेगळ्या खाड्यांत विषाला प्रतिसाद देणाऱ्या एकाच यंत्रणेवर, एएचआरवर, पुन्हा पुन्हा बदल झालेले दिसले. काही दशकांत घडलेली उत्क्रांती, डोळ्यांसमोर. जबरदस्त आहे, वाद नाही. पण दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे या माशाची संख्या प्रचंड आहे आणि त्याच्यात आधीपासूनच जनुकीय विविधता भरपूर होती, म्हणजे निवडायला माल होता. ज्या माशाचे काही हजारच शिल्लक आहेत, जो दहा वर्षांनी वयात येतो, त्याने काय करायचं? दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. व्हर्जिनियातल्या एलिझाबेथ नदीतल्या याच विषसहनशील किलिफिशची पिल्लं तपासली तर ती कमी ऑक्सिजनला स्वच्छ पाण्यातल्या पिल्लांपेक्षा नाजूक निघाली, हे २००३ मध्येच छापून आलंय. विषाला प्रतिसाद देणारी यंत्रणा आणि ऑक्सिजनला प्रतिसाद देणारी यंत्रणा एआरएनटी हे एकच जोडीदार प्रोटीन वापरतात, त्यामुळे एकीकडे बदल झाला की दुसरीकडे ओढ बसणं समजण्यासारखं आहे. आणि ज्या नदीत विष येतं तिच्यात सांडपाणीही येतंच की, दोन संकटं वेगवेगळ्या दिवशी येत नाहीत.

आणि सगळंच जीनमधून येतं असंही नाही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात पपायरसच्या दाट दलदली आहेत, आत ऑक्सिजन फारच कमी. नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सरोवरात सोडल्यावर सिक्लिड या कुळातल्या छोट्या माशांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या, पण कमी ऑक्सिजन सोसू शकणाऱ्या काही माशांना या दलदलींनीच आसरा दिला, कारण पर्चला तिथे श्वास घेणं जमत नाही. लॉरेन चॅपमन या जीवशास्त्रज्ञांनी या माशांवर वर्षानुवर्षं काम केलंय. दलदलीतल्या माशांचे कल्ले मोठे असतात, पण एकाच वेळी जन्मलेली भावंडं वेगवेगळ्या पाण्यात वाढवली तर कमी ऑक्सिजनमध्ये वाढलेल्यांचे कल्ले मोठे होतात, म्हणजे फरकाचा मोठा भाग वाढीच्या काळात घडतो. आणि डोक्यात जागा मर्यादित असते, कल्ले मोठे झाले की बाकीच्या स्नायूंना आणि हाडांना सरकावं लागतं, खाण्याच्या पद्धतीवर परिणाम होतो. फुकट काहीच मिळत नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल की तुम्ही दुसऱ्या बाजूचे, हात लावू नका म्हणणारे. नाही. त्या बाजूशीही माझं पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथे माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. 'एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, पाणी स्वच्छ ठेवा' हे सांगणं सोपं आहे. ज्याच्याकडे वीज नाही, पंप घ्यायला पैसे नाहीत, एका छोट्या तळ्यावर घर चालतं, त्याचे सगळे मासे एका पहाटे पांढरे पोट वर करून तरंगायला लागले तर त्याला नदीच्या शुद्धीकरणाचं भाषण देणार का? त्याच्यासाठी दोन तास जास्त टिकणारा मासा म्हणजे वर्षाचं उत्पन्न. आणि असा मासा मिळवायला एडिटिंगच पाहिजे असंही नाही, साध्या निवड पैदाशीतून बरंच काही होतं. २०१३ मध्ये अटलांटिक साल्मनच्या वेगवेगळ्या कुटुंबांची तुलना झाली तेव्हा कमी ऑक्सिजन सोसण्यात कुटुंबाकुटुंबांत फरक दिसला, आणि जी कुटुंबं उष्णता जास्त सोसत होती तीच कमी ऑक्सिजनही जास्त सोसत होती, त्यांचं हृदयही मोठं होतं. म्हणजे निवडायला माल आहे. चॅनल कॅटफिश आणि ब्लू कॅटफिशचा संकर चॅनलपेक्षा जास्त तग धरतो हे तर १९८० च्या दशकापासून माहीत आहे, आणि पुढे त्यांच्या जीनोममध्ये शोध घेतला तर एक नाही, बऱ्याच गुणसूत्रांवर छोटे छोटे दुवे मिळाले. हे सगळं 'निसर्गाशी खेळ' म्हणून झटकून टाकणं म्हणजे हजारो वर्षांची पैदाशीची परंपराच नाकारणं.

उलट मी म्हणेन की हात न लावण्याचा पर्याय आता उरलेलाच नाही, कारण आपण आधीच हात लावलाय, फक्त ऑक्सिजनकडे न बघता. जगभर मासे निवडले जातात ते वेगाने वाढण्यासाठी. वेगाने वाढणारा मासा जास्त खातो, जास्त पचवतो, जास्त ऑक्सिजन मागतो, आणि ग्रोथ हार्मोनचा जीन घातलेल्या साल्मनमध्ये तर ही वाढलेली मागणी सरळ मोजली गेली आहे. नेहमीच्या दोनऐवजी तीन गुणसूत्रसंच असलेले वांझ साल्मन वापरतात, पळून गेले तर जंगली माशांशी संकर होऊ नये म्हणून, हेतू अगदी चांगला, पण उबदार पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की तेच आधी कोसळतात. गिफ्ट हा तिलापिया माशाची निवड पैदास करण्याचा कार्यक्रम १९८८ मध्ये सुरू झाला, गरीब शेतकऱ्यांसाठीच, आणि त्याच्या माशांवरच पुढे असे प्रयोग झाले की एरेटर असलेल्या तळ्यात आणि नसलेल्या तळ्यात कोणतं कुटुंब पुढे जातं, तर क्रम हुबेहूब सारखा आला नाही. मग पैदास केंद्रात भरपूर ऑक्सिजन देऊन निवडलेला 'सर्वोत्तम' मासा एरेटर नसलेल्या तळ्यात सर्वोत्तम ठरेलच असं कोण सांगणार? निवड तिथेच करा जिथे मासा शेवटी राहणार आहे, त्याच पाण्यात, त्याच पहाटे. माझ्या मते या क्षेत्रात आज जीन एडिटिंगपेक्षा ही गोष्ट जास्त तातडीची आहे, पण तिच्यावर बातमी होत नाही म्हणून कोणी बोलत नाही.

मग माझी भीती नेमकी कशाची आहे? ती इतिहासातून येते. १८७५ मध्ये कोलंबिया नदीतले साल्मन कमी होऊ लागले म्हणून अमेरिकेच्या फिश कमिशनचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांना सल्ला विचारला गेला. अतिमासेमारी, बंधारे, नदीची नासधूस ही कारणं त्यांना माहीत होती. तरी त्यांचा सल्ला असा होता की कायदे करून ते राबवत बसण्यापेक्षा कृत्रिम पैदास करा, कमी खर्चात इतके मासे होतील की कायद्यांची गरज पडणार नाही. दोन वर्षांत त्या खोऱ्यात पहिली हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं तयार करायचं केंद्र, उभी राहिली. पुढे जेव्हा जेव्हा नदीचा तुकडा गेला तेव्हा उत्तर तयार होतं, हॅचरी आहे ना. १९४२ मध्ये ग्रँड कूली धरण पूर्ण झालं त्यात मासे वर जायला वाटच ठेवली नव्हती, भरपाई म्हणून हॅचऱ्या बांधल्या. आणि १९९१ पासून त्याच खोऱ्यातले साल्मन एकामागून एक धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत जाऊ लागले. हॅचरीचं तंत्र खोटं होतं का? मुळीच नाही, अंडी फलित व्हायची, पिल्लं निघायची. तंत्र चाललं, आणि ते चाललं म्हणूनच नदी गमावण्याची परवानगी मिळत गेली. कमी ऑक्सिजन सोसणाऱ्या माशाचं हेच होईल, हे मला स्पष्ट दिसतं.

आता उलट बाजूचं उदाहरण. १९५७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने टेम्स नदीचा शहरातून जाणारा पट्टा जैविकदृष्ट्या मृत असल्याचं सांगितलं, उन्हाळ्यात काही मैल ऑक्सिजनच नसायचा. मग सांडपाण्याचे प्रकल्प सुधारले, दशकभरात पाणी बदलायला लागलं, १९७४ मध्ये एका वीजकेंद्राच्या जाळीत साल्मन सापडला, आणि पुढे १०० च्या वर जातींचे मासे त्या खाडीत नोंदले गेले. यातल्या एकाही माशाचा जीन कोणी बदलला नव्हता. काळ्या समुद्राच्या वायव्य भागातही १९९० च्या सुमारास जगातल्या मोठ्या मृतपट्ट्यांपैकी एक होता, सोव्हिएत व्यवस्था कोसळली, खतांचा वापर एकदम घटला, आणि काही वर्षांतच तळाला पुन्हा जीव दिसायला लागले (तिथे कोणी ठरवून काही केलं नव्हतं, हेही तितकंच खरं).

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरंच जड जातो. सांडपाणी थांबवता येईल हो, पण तापणारा समुद्र कसा थांबवणार? खुल्या समुद्रातला ऑक्सिजन घटतोय तो मुख्यतः पाणी तापल्यामुळे, वरचं उबदार पाणी खालच्या पाण्यात मिसळत नाही म्हणून, तिथे कुठला प्रकल्प बांधणार? बरोबर आहे. तिथे उपाय दशकांचा आहे आणि मासे आत्ता आहेत. पण बघा, तिथे जीन एडिटिंगचाही उपयोग नाही, कारण खुल्या समुद्रातल्या अब्जावधी माशांना कोण एडिट करणार? तिथे कामाची गोष्ट एकच, या जातींमध्ये जी जनुकीय विविधता आज आहे ती राखणं, म्हणजे संख्या पडू न देणं, वेगवेगळ्या ठिकाणच्या कळपांपैकी एकही पूर्ण न संपवणं. कमी ऑक्सिजनच्या कडेला राहणारे कळप तर खास जपायला हवेत, कारण उद्या लागणारे जीन तिथेच असायची शक्यता जास्त. जेनेटिक्स इथे आपल्याला सांगते काय वाचवायचं, आणि ते काम वाण तयार करण्यापेक्षा मोठं आहे.

आणि म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. सहनशील वाण बाजारात आणा, पण पाण्यातल्या ऑक्सिजनची किमान मर्यादा ठरवताना त्या वाणाचा आधार कधीही घेऊ देऊ नका. ही भीती कल्पनेतली नाही, आकडे कसे ठरतात ते बघितलं की कळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८६ मध्ये उबदार पाण्यातल्या माशांसाठी जे निकष दिले त्यात मोठ्या माशांसाठी दिवसाची किमान पातळी लिटरला ३ मिलिग्रॅम आहे आणि अंडी व पिल्लांच्या काळासाठी ५. इतका फरक का? कारण अंड्याला कल्ले नसतात, ऑक्सिजन कवचातून झिरपून आत येईल तेवढाच, आणि मासा वाईट पाणी सोडून दुसरीकडे पोहत जाऊ शकतो, अंडं जाऊ शकत नाही. प्रौढ माशाची तग वाढवणारे जवळजवळ सगळे गुण, मोठं हृदय, पसरणारे कल्ले, ग्लायकोजनचा साठा, हे अंड्यात अजून तयारच झालेले नसतात. तेव्हा उद्या कोणी सांगितलं की आमचा मासा दीड मिलिग्रॅमला जगतो, मर्यादा खाली आणा, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा की ते अंड्याला विचारून सांगताय का, आणि त्याच पाण्यात राहणाऱ्या बाकीच्या जातींच्या अंड्यांचे आकडे टेबलावर ठेवल्याशिवाय पुढची चर्चा सुरू करायची नाही.